रिमार्कच्या रकान्यात काय लिहिलं जातं?

*ताई, मी लातूर जिल्ह्यातली. २०२४ला आयटीतून बी.ई. झाले. कॅम्पसला एकच कंपनी आली होती, तिथे माझं झालं नाही. गेल्या वर्षी पुण्यात आले, कर्वेनगरला कॉट बेसिसवर राहते, जावा फुल स्टॅकचा क्लास पूर्ण केला. नोकरी डॉट कॉम आणि लिंक्डइनवर रोज अप्लाय करते. मधूनमधून रिक्रूटरचे फोन येतात. दोन-तीन मिनिटं बोलतात, ‘आम्ही कळवतो’ म्हणतात आणि पुढे काहीच होत नाही. मला वाटतं, माझं इंग्रजी ऐकूनच ते ठरवून टाकतात. बी.ई.ला ७१ टक्के आहेत, पण बारावीला ५७. रिझ्युमे क्लासच्या सरांनी करून दिलाय. मी मामाच्या कृषी सेवा केंद्रासाठी उधारीच्या नोंदींचं छोटं वेब अ‍ॅप केलं होतं. एकाच नावाचे दोन शेतकरी आले की घोळ व्हायचा, तो मी मोबाइल नंबरवरून सोडवला. पण सर म्हणाले, हे गावठी वाटतं, काढून टाक. आता तिथे नेटफ्लिक्स क्लोन, म्हणजे नेटफ्लिक्सची नक्कल करणारी साइट, आहे. रूममेट म्हणते, दोन वर्षांचा एक्स्पिरियन्स लावून घे. एका कन्सल्टन्सीने मोठ्या कंपनीत बॅकडोअर जॉइनिंगसाठी, म्हणजे मागच्या दाराने लावून द्यायला, ८० हजार मागितलेत, बाबा सोयाबीन विकून द्यायला तयार आहेत. रिक्रूटरवर पहिली छाप चांगली पडावी म्हणून काय करू? ब्लेझर घेऊ का?*

*नाव छापू नये ही विनंती.*

प्रिय मैत्रिणी,

आधी ते ८० हजार. बाबांना आजच फोन कर आणि सांग, एक रुपयाही द्यायचा नाही.

हा धंदा कसा चालतो ते नीट समजून घे, म्हणजे पुन्हा कोणी गाठलं तरी तुझी तूच उत्तर देशील. कंपनीला माणूस हवा असतो, एजन्सी तो शोधून देते आणि माणूस रुजू झाला की कंपनी एजन्सीला फी देते. आपल्याकडचा रूढ दर वर्षाच्या पगाराच्या ८.३३ टक्के, म्हणजे एका महिन्याचा पगार. फी देते कंपनी. उमेदवाराकडे पैसे मागणाऱ्याला कंपनीकडून काही मिळणार नसतं, म्हणूनच तो तुझ्याकडे मागतो. शिवाय फ्रेशरच्या जागांसाठी मोठ्या कंपन्या सहसा एजन्सीकडे जातच नाहीत. टीसीएससारखी कंपनी स्वतःची एनक्यूटी परीक्षा घेते, बाकीच्यांचेही आपापले ड्राइव्ह असतात, अर्जांचा ढीग आपणहून येऊन पडतो. तो सोडून मधल्या माणसाला कोण विचारतं? ऑफर लेटर दाखवतील, त्यावर लोगोही असेल. ईमेल जीमेलवरून आलाय का, बघ. ‘सिक्युरिटी डिपॉझिट’, ‘लॅपटॉपचे पैसे’, ‘ट्रेनिंग फी, नंतर परत मिळेल’ अशी नावं बदलतात, मागणी तीच असते. तुझ्या ओळखीत कोणी ऑनलाइन पैसे भरून बसलं असेल, तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर ताबडतोब फोन करायला सांग. जितका उशीर, तितके पैसे परत मिळायची शक्यता कमी.

आता पहिल्या छापेबद्दल. मी बरीच वर्षं पुण्यात रिक्रूटरचंच काम करते, आधी एजन्सीत होते, आता कंपनीत आहे. तुझ्याशी फोनवर बोलणाऱ्या मुलीसमोर काय असतं ते सांगते. एक एक्सेल शीट. आमच्या भाषेत ट्रॅकर. त्यात नाव, मोबाइल, ईमेल, पासआउटचं वर्ष, दहावी-बारावी-डिग्रीचे टक्के, बॅकलॉग (राहिलेला विषय) आहे का, आत्ता कुठे राहते, कुठे जायची तयारी आहे, कधी जॉइन होईल, पगाराची अपेक्षा, असे रकाने असतात. आणि शेवटचा रकाना रिमार्कचा. फोन ठेवल्यावर त्यात चार शब्द टाइप होतात. ‘आरएनआर’ म्हणजे रिंग वाजली, कोणी उचलला नाही. ‘कम्युनिकेशन ओके’. ‘प्रोजेक्ट सांगता आला नाही’. ‘कुठे अप्लाय केलं आठवत नाही’. ‘चांगली आहे, पाठवा’.

ही मुलगी बहुतेक वेळा तुझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनीच मोठी असते आणि तिला जावा येत नाही. ते तिचं कामही नाही. तिला संध्याकाळपर्यंत हायरिंग मॅनेजरला काही नावं पाठवायची असतात आणि ‘हिला का निवडलंस?’ असं त्याने विचारलं तर एक धड उत्तर द्यायचं असतं. ते उत्तर तिला तुझ्याकडून मिळालं, की तुझं नाव पुढे सरकतं. तुझं इंग्रजी, कॉलेज, कपडे हे सगळं त्यानंतरचं. तू आत्तापर्यंतच्या फोनवर तिला अशी एक तरी ओळ दिलीस का, जी ती जशीच्या तशी पुढे पाठवू शकेल? तुझं पत्र वाचून मला तरी वाटतं, नाही.

हे फोन येतात कधी, तर तू कर्वे रोडवर पीएमपीएमएलच्या बसच्या गर्दीत उभी असताना. मागे कंडक्टर ओरडतोय, तू एका हाताने दांडा धरलाय आणि पलीकडून प्रश्न येतो, तुमच्या प्रोजेक्टबद्दल सांगा. बहुतेक मुलं इथेच गडबडतात, कारण फोन आत्ता ठेवला तर संधी गेली असं त्यांना वाटतं. तसं काही नसतं. ‘मॅम, मी बसमध्ये आहे, नीट बोलता येणार नाही. दुपारी अडीचला मी तुम्हाला फोन केला तर चालेल?’ एवढं म्हण. कोणालाही राग येत नाही, उलट ट्रॅकरमध्ये वेळ लिहिली जाते. फक्त अडीच म्हणजे अडीच. तेव्हा तुझा फोन गेला नाही आणि तिचाही तू उचलला नाहीस, तर मग मात्र रिमार्क पुसला जात नाही.

(आणि मॅमच म्हण. या खुर्चीत आम्ही बायका कितीतरी असून रोज ‘डिअर सर’ने सुरू होणारे मेल वाचतो. नाव खाली लिहिलेलं असतं. एकदा वाचायला हरकत नाही.)

दिवसाला पन्नास ठिकाणी बटण दाबून अप्लाय करायची सवय सोड. त्याने होतं असं, की फोन आल्यावर उमेदवार विचारतो, ‘कुठली कंपनी? मी अप्लाय केलं होतं का?’ समोरची मुलगी हे दिवसातून कितीदा तरी ऐकते आणि दर वेळी तिचा उत्साह थोडा कमी होतो. साधी शंभर पानी वही घे. तारीख, कंपनी, कुठली पोस्ट, कुठला रिझ्युमे पाठवला, एवढं एका ओळीत लिही. वहीच्या पहिल्या पानावर तुझे सगळे टक्के, पासआउटचा महिना आणि वर्ष, आधार आणि पॅनवर नाव कसं आहे ते. ‘बारावीला किती?’ या प्रश्नावर पाच सेकंद गप्प राहणारी मुलगी लपवतेय असं वाटतं, ती फक्त आठवत असली तरी.

पगाराचा प्रश्न येतो तेव्हा फ्रेशरने ‘कंपनीच्या नियमाप्रमाणे’ म्हटलं तर चालतं, पण बाजार माहीत असावा. टीसीएसच्या निंजा प्रोफाइलचं, म्हणजे फ्रेशरसाठीच्या सुरुवातीच्या पातळीचं, पॅकेज वर्षानुवर्षं ३.३६ लाखांच्या आसपास आहे, बाकीच्या सर्व्हिस कंपन्यांत फ्रेशरची सुरुवात साधारण साडेतीन-चार लाखांपर्यंतच असते. क्लासवाल्यांनी जाहिरातीत सांगितलेला आठ लाखांचा आकडा फोनवर सांगू नकोस. आणि छोट्या कंपनीचा फोन असेल तर बाँड (ठरावीक काळ नोकरी न सोडण्याचा करार) आहे का, किती वर्षांचा, हे विचारायला लाजू नकोस. तो उद्धटपणा नाही.

मग येतो तो प्रसिद्ध प्रश्न, स्वतःबद्दल सांगा. महाराष्ट्रातल्या सगळ्या इंजिनीअरिंग कॉलेजांत याचं एकच उत्तर शिकवलं जातं असा मला दाट संशय आहे. ‘मायसेल्फ अमुक, आय अ‍ॅम फ्रॉम तमुक, माय फादर इज अ फार्मर, माय मदर इज हाउसवाइफ, माय हॉबीज आर लिसनिंग म्युझिक.’ आई-बाबांबद्दल अभिमान असावाच, पण या उत्तरातलं ट्रॅकरमध्ये काय लिहायचं? त्याऐवजी तीन वाक्यं तयार ठेव. मी २०२४ची आयटीची बी.ई., ७१ टक्के, बॅकलॉग नाही. जावा, स्प्रिंग बूट आणि मायएसक्यूएलवर काम करते. एका कृषी सेवा केंद्रासाठी उधारीचं सॉफ्टवेअर एकटीने बनवलंय. आणि थांब. थांबणं हे यातलं सगळ्यात अवघड काम. शांतता भरून काढायला माणूस बोलत राहतो आणि तिथेच घसरतो. तू थांबलीस की समोरून हमखास प्रश्न येतो, ‘कसलं सॉफ्टवेअर?’ आणि मग पुढची दोन मिनिटं तुझ्या आवडीच्या विषयावर.

तू इंग्रजीचं लिहिलंयस. खोटी समजूत घालत नाही, इंग्रजी बघतात. क्लायंट परदेशी असतो, मेल लिहावे लागतात, कॉलवर बसावं लागतं. काही कंपन्या व्हर्संटसारखी परीक्षाही घेतात, त्यात संगणक वाक्यं ऐकवतो, ती परत म्हणायची, छोट्या प्रश्नांची उत्तरं द्यायची. पण फोनवरच्या तीन मिनिटांत व्याकरण तपासायला कोणी बसलेलं नसतं. तुला प्रश्न कळला का आणि उत्तर त्याच प्रश्नाचं दिलंस का, एवढंच ऐकलं जातं. प्रश्न कळला नाही तर ‘मॅम, प्लीज पुन्हा सांगाल का’ म्हण. अंदाजाने भलतंच उत्तर देण्यापेक्षा हे शंभर पटींनी बरं. घाईत बोललेलं इंग्रजी जास्त तुटतं, त्यामुळे वेग निम्म्यावर आण. रोज रात्री मोबाइलवर आपली तीन वाक्यं रेकॉर्ड कर आणि ऐक. पहिल्या दिवशी ऐकवणार नाही, ऐक तरी.

पुण्यात पलीकडची मुलगी मराठी निघायची बरीच शक्यता असते. ती मराठीत बोलली तर बेलाशक मराठीत बोल, पण प्रोजेक्टचा प्रश्न इंग्रजीत आला तर उत्तर इंग्रजीत दे, ती तेच तपासत असते. आपण होऊन ‘मॅडम तुम्ही कुठल्या?’ वर जाऊ नकोस. ते ऑफर लेटर हातात आल्यावर.

रिझ्युमेकडे वळू. अमेरिकेतल्या लॅडर्स नावाच्या नोकरीच्या संकेतस्थळाने रिक्रूटरच्या नजरेचा माग काढून अभ्यास केला होता. २०१८च्या पाहणीत रिझ्युमेवर पहिली नजर सरासरी ७.४ सेकंद टिकली. आपल्याकडे हिंजवडीत त्याहून फार जास्त टिकत असेल असं मला माझ्या अनुभवावरून वाटत नाही. क्लासच्या सरांनी करून दिलेले रिझ्युमे मी ओळखते, सगळेच ओळखतात. एकाच गिरणीतून दळून आलेलं पीठ जसं चिमटीत घेतलं तरी कळतं, तसं पहिल्या ओळीवरून क्लासचं नाव कळतं. डाव्या बाजूला निळा पट्टा, त्यात फोटो. ‘जावा ८० टक्के, एचटीएमएल ९० टक्के’ असे रंगीत दांडे. आव्हानात्मक वातावरणात काम करून कंपनीच्या आणि स्वतःच्या प्रगतीला हातभार लावण्याची इच्छा. शेवटी वडिलांचं पूर्ण नाव, वैवाहिक स्थिती आणि ‘वरील माहिती खरी आहे’ असं प्रतिज्ञापत्र. हा लग्नाचा बायोडेटा आणि रिझ्युमे यांच्यामधला काहीतरी प्रकार आहे. जावा ८० टक्के म्हणजे नक्की किती, हे मला आजवर कोणी सांगू शकलेलं नाही.

पट्टा, दांडे, फोटो, प्रतिज्ञा, सगळं काढ. दोन कॉलमचा साचाही काढ, कारण रिझ्युमे आधी सॉफ्टवेअर वाचतं आणि कॉलम-टेबलं असली की त्याच्याकडून ओळींची सरमिसळ होते. एक पान, एक कॉलम, पीडीएफ. फाइलला स्वतःचं नाव आणि ‘जावा’ एवढं नाव दे. ‘रिझ्युमे फायनल न्यू २’ नावाच्या फाइली आमच्या डाउनलोड फोल्डरमध्ये ढिगाने पडलेल्या असतात. स्किल्समध्ये ज्याच्यावर दहा मिनिटं प्रश्न झेलता येतील तेवढंच ठेव. ब्लॉकचेन आणि मशीन लर्निंग तिथे असेल तर का आहे, ते स्वतःला विचार.

आणि नेटफ्लिक्स क्लोन काढ. सरांनी वाईट हेतूने टाकायला सांगितला नसेल, पण तो प्रत्येक बॅचमधल्या प्रत्येकाकडे आहे. मॅनेजर विचारतो, ‘यात तुम्ही स्वतः काय वेगळं केलंत?’ आणि खोलीत शांतता पसरते. गावठी म्हणून काढायला लावलेलं तुझं ते अ‍ॅप वर घे, शिक्षणाच्याही वर घेतलंस तरी चालेल. त्यात खरं गिऱ्हाईक आहे, खरा पैसा आहे आणि खरी अडचण आहे. साधारण असं लिही:

कृषी सेवा केंद्रासाठी उधारी आणि वसुलीच्या नोंदींचं वेब अ‍ॅप. स्प्रिंग बूट, मायएसक्यूएल. दुकानात इतके महिने वापरात, इतक्या ग्राहकांची खाती. एकाच नावाच्या ग्राहकांची खाती एकमेकांत मिसळत होती, मोबाइल क्रमांकावरून ओळख ठेवून ती वेगळी केली.

आकडे मामाला विचारून खरेच टाक. चाळीस खाती असली तर चाळीस लिही. चाळीस खरी माणसं हा फ्रेशरच्या रिझ्युमेवर मोठा आकडा आहे.

आता यावर काय प्रश्न येतील, ते आधीच बघून ठेवू. मी मॅनेजरच्या शेजारी बसून अशा बऱ्याच मुलाखती ऐकल्यात. पहिला प्रश्न असेल, दोन भावांमध्ये एकच मोबाइल असेल तर? गावात हे असतंच, शिवाय म्हातारे बाबा मुलाचा नंबर सांगतात आणि मुलगा दर वर्षी सिम बदलतो. म्हणजे तुझा उपाय अर्धा आहे. ते कबूल कर आणि पुढे काय करशील ते सांग: दुकानाने प्रत्येकाला स्वतःचा ग्राहक क्रमांक द्यायचा, मोबाइल फक्त शोधण्यासाठी ठेवायचा, तो बदलला तरी खातं तेच राहील. दुसरा प्रश्न: नोंद करताना मधेच लाइट गेली तर अर्धी नोंद राहते का? इथे ट्रान्झॅक्शन माहीत हवं, म्हणजे नोंद एक तर पूर्ण होते, नाहीतर अजिबात होत नाही. तिसरा: मामा अजून वापरतोय का? वापरत नसेल तर तेच सांग. ‘खरिपाच्या गर्दीत टाइप करायला वेळ मिळत नव्हता, म्हणून तो वहीवर परत गेला. मी ते फॉर्म तीन रकान्यांवर आणणार आहे.’ हे उत्तर ऐकून पुढे सरसावून बसलेला मॅनेजर मी पाहिलाय. वापरणाऱ्याचं ऐकून घेणारा फ्रेशर त्यांना रोज भेटत नाही.

एक सावधगिरी. कोड गिटहबवर (कोड ठेवायच्या संकेतस्थळावर) टाकशील तेव्हा मामाच्या गिऱ्हाइकांची खरी नावं, नंबर आणि थकबाकी त्यात जाता कामा नये. कोणाकडे किती उधारी आहे ही गावात अब्रूची गोष्ट असते. बनावट नावं टाक, डेटाबेसचा पासवर्डही कोडमध्ये राहू देऊ नकोस. रिक्रूटर गिटहब क्वचितच उघडते, मॅनेजर उघडतो, आणि त्याला तिथे पासवर्ड दिसला तर तुझी छाप पडेल, पण नको ती. रीडमीमध्ये, म्हणजे कोडसोबतच्या माहितीच्या फाइलीत, हे काय आहे, का केलं, कसं चालवायचं, एवढं लिही. दोन स्क्रीनशॉट लाव.

बाकीचं भराभर सांगते. नोकरी डॉट कॉमवर रिक्रूटर शोधताना नुकतं प्रोफाइल अपडेट केलेल्यांना आधी बघतात, तेव्हा आठवड्यातून एक-दोनदा काहीतरी खरंच सुधार आणि सेव्ह कर. हेडलाइनमध्ये ‘सीकिंग जॉब’ लिहू नकोस, ते सगळेच करतायत. ‘जावा, स्प्रिंग बूट, २०२४ बॅच, पुणे, लगेच जॉइन’ लिही. जेडी, म्हणजे जागेचं वर्णन, आता व्हॉट्सअ‍ॅपवर येतात, त्यामुळे डीपी आणि स्टेटस अनोळखी माणूस बघणार आहे हे लक्षात ठेव. उत्तरात नुसतं ‘ओके’ नको, ‘हाय्यय मॅम’ तर नकोच. लिंक्डइनवर कॉलेजच्या सीनियरला ‘प्लीज रेफर मी’ म्हणून सोडून देऊ नकोस. त्याच्या कंपनीतली नेमकी जागा शोध, तिचा जॉब आयडी, तुझा रिझ्युमे आणि ही जागा तुला का जमेल ते दोन ओळींत, असं एकाच मेसेजमध्ये पाठव. त्याला फक्त फॉरवर्ड करायचं राहिलं पाहिजे. रिक्रूटरसारखाच तोही कामात बुडालेला असतो.

ब्लेझर नको. इस्त्रीचा साधा कुर्ता किंवा शर्ट पुरे. ते पैसे चांगल्या इअरफोनवर घाल, कारण पहिली फेरी आता बहुतेक व्हिडिओवर असते. कॉट बेसिसच्या खोलीत चौघींमध्ये मुलाखत देणं काय असतं ते मला माहितीये. अभ्यासिकेत बोलू देत नाहीत, कॅफेत मिक्सर चालू असतो. रूममेटना आदल्या दिवशी सांगून एक तास खोली मागून घे. खिडकी पाठीमागे नको, समोर असू दे. लॅपटॉपखाली पुस्तकं रचून कॅमेरा डोळ्यांच्या रेषेत आण. वायफाय गेलं तर मोबाइलचा हॉटस्पॉट आधी जोडून तपासलेला असावा. मागच्या दोरीवर कपडे वाळत असतील तर काढ. एवढंच. हिंजवडीला वॉक-इन असेल तर वाकडच्या ट्रॅफिकचा हिशेब धरून निघ, रिझ्युमेच्या दोन प्रती आणि आधार बरोबर ठेव.

रूममेटच्या सल्ल्याबद्दल मी तुझ्याशी गोड बोलणार नाही. खोटा एक्स्पिरियन्स लावू नकोस. पकडतात कसे, ते ऐक. खरी नोकरी असती तर बहुतेक वेळा पीएफ कापला गेला असता, यूएएन (पीएफचा कायमचा क्रमांक) तयार झाला असता आणि त्यात त्या कंपनीचं नाव आणि तारखा दिसल्या असत्या. पडताळणीवाले आधी तिथेच बघतात. शिवाय तुझी डिग्री २०२४ची. मागची दोन वर्षं दाखवलीस तर त्यातले काही महिने तू कॉलेजात हजेरी लावत होतीस, हे तुझ्याच मार्कशीटवरून निघेल. लोक रुजू झाल्यावर काही महिन्यांनी पकडले जातात आणि बाहेर काढले जातात. २०२२मध्ये अ‍ॅक्सेंचरने भारतात अशी बनावट अनुभवपत्रं वापरणाऱ्यांना काढल्याचं जाहीरपणे सांगितलं होतं. समजा नाही पकडलं, तरी तुला प्रश्न दोन वर्षं काम केलेल्या माणसाचे येणार. रात्री प्रॉडक्शन बंद पडलं तेव्हा काय केलंत, रिलीज कसा व्हायचा, टीम केवढी होती. त्याचं पाठांतर टिकत नाही. पासआउट झाल्यापासूनच्या काळाबद्दल विचारलं तर सरळ सांग, कॅम्पसला झालं नाही, जावा शिकले, हे अ‍ॅप केलं, आता अर्ज करतेय. रडवेला सूर नको आणि कॉलेजला दोषही नको. वर्षभर शोधणारी तू एकटी नाहीस, हे आम्हालाही ठाऊक असतं.

राहिले बारावीचे ५७. अनेक मोठ्या सर्व्हिस कंपन्या दहावी, बारावी आणि डिग्री, तिन्हीकडे ६० टक्क्यांची अट घालतात आणि त्यांची सिस्टिम तुला तिथेच गाळते. त्यात तुझ्या फोनवरच्या बोलण्याचा काही संबंध नसतो, तेव्हा अशा नकारांवरून स्वतःचं इंग्रजी मोजत बसू नकोस. फॉर्ममध्ये ५७चे ६० करू नकोस, मार्कशीट बघतातच. काही कंपन्या फक्त डिग्रीचे टक्के धरतात, तिथे ७१ उत्तम आहेत. जाहिरातीतली पात्रतेची ओळ आधी वाच, मग अर्ज कर.

आणि पुण्यातल्या छोट्या कंपन्यांकडे बघ. बाणेर, बावधन, खराडी, मगरपट्टा, वीस-पंचवीस माणसांची ऑफिसं आहेत. तिथे बारावी फारशी कोणी विचारत नाही, बहुतेकदा रिक्रूटरही नसते, मेल थेट मालकाकडे नाहीतर टेक लीडकडे जातो. बिलिंग, स्टॉक, उधारी, शेतमाल, असली सॉफ्टवेअर करणाऱ्या कंपन्या शोध. तुझं अ‍ॅप त्यांना गावठी वाटणार नाही, त्यांचं पोट त्याच्यावरच चालतं. त्यांना पाठवायचा मेल एवढाच हवा:

नमस्कार. मी २०२४ची आयटी पदवीधर, पुण्यात राहते. एका कृषी सेवा केंद्रासाठी उधारीच्या नोंदींचं अ‍ॅप जावा आणि स्प्रिंग बूटमध्ये एकटीने केलं आहे, लिंक खाली दिली आहे. तुमचं दुकानदारांसाठीचं सॉफ्टवेअर पाहिलं. एकाच नावाच्या ग्राहकांची खाती वेगळी ठेवण्याची अडचण मी हाताळली आहे. फ्रेशरची जागा असेल तर भेटायला येऊ शकते. रिझ्युमे जोडला आहे.

हे इंग्रजीत कर, वाक्यं एवढीच छोटी ठेव. प्रत्येक कंपनीसाठी ‘तुमचं सॉफ्टवेअर पाहिलं’ ही ओळ बदल, म्हणजे खरंच पाहून लिही. आणि पाठवण्याआधी वरचं कंपनीचं नाव तपास. परवाच मला एका मुलाचा फार छान मेल आला, माझ्या कंपनीत काम करणं हे त्याचं स्वप्न होतं म्हणे. नाव मात्र समोरच्या बिल्डिंगमधल्या कंपनीचं होतं.